ते आपले साप आहेत

परदेशी निघालेल्या माणसाची कोणती काळजी करायची, हे मराठी घरात देशावरून ठरतं. कॅनडा असेल तर थंडीची, आखात असेल तर उन्हाची, जर्मनी असेल तर भाषेची. इंग्लंड म्हटलं की "तिकडे ऊन नाही हो, सांधे धरतात," असं सांगणारी एखादी मावशी निघतेच आणि ती स्वतः लोणावळ्याच्या पुढे गेलेली नसते. अमेरिकेला निघालेल्याची काळजी करायची पद्धत आता बंद पडत चालली आहे. व्हिसा मिळाला का, एवढंच विचारतात आणि मिळाला म्हटलं की गप्प होतात.

ऑस्ट्रेलियाचं तसं नाही. तिकडे निघालेल्या माणसाला लोक पगाराच्या आधी सापांचं विचारतात.

माझ्या भाचीला, म्हणजे ताईच्या मुलीला, आणि जावईबापूंना सिडनीत नोकऱ्या लागल्या, तेव्हा घरात ‘सिडनी तयारी’ नावाचा व्हॉट्सॅप ग्रुप निघाला. कुकर तीन लिटरचा न्यावा की पाच, तिकडच्या प्लगला दाते किती, गोधडी बॅगेत मावेल का, अशा सात्त्विक प्रश्नांसाठी तो काढलेला होता. पण कुणीतरी बुटातून बाहेर येणाऱ्या कोळ्याचा व्हिडिओ टाकला आणि कुकर कायमचा मागे पडला. मग नातेवाइकांनी एकेक प्राणी वाटून घेतला. भाचीच्या आत्याबाईंनी कोळी घेतले. धाकट्या काकांनी शार्क घेतला. हे काका दादर चौपाटीवर पाय ओले होतील म्हणून लांब कट्ट्यावर बसून भेळ खातात. मगरी एका चुलतभावाकडे गेल्या. भावोजी बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी साप स्वतःकडे ठेवले आणि शिवाय सगळ्यांच्या प्राण्यांचा मिळून एक्सेलमध्ये तक्ता केला. रकाने असे: जीव, मुक्काम, विष, उपाय, शेरा. थकीत कर्जांना द्यायचे तोच लाल रंग त्यांनी प्राणघातक जिवांना दिला. आठवड्याभरात तक्त्यात पांढरं असं काही उरलं नाही.

ताईने कुठलाच प्राणी घेतला नाही. तिने सगळ्यांच्या वतीने रात्री जागायचं काम घेतलं.

तक्त्यात पहिल्या ओळीत होता इनलँड तायपान. जगातल्या जमिनीवरच्या सापांत सर्वांत जहाल विष याचं. एका दंशात शंभरएक माणसं मारण्याइतकं विष असतं, असं म्हणतात. भावोजींनी ही ओळ वाचून दाखवली तेव्हा ताईने हातातली भाजी खाली ठेवली. मी ‘मुक्काम’ हा रकाना वाचायला सांगितला. हा साप राहतो क्वीन्सलंड आणि साउथ ऑस्ट्रेलिया यांच्या सीमेवरच्या ओसाड भेगाळलेल्या माळावर, म्हणजे सिडनीपासून हजारेक किलोमीटर दूर. स्वभावाने लाजाळू. माणसापेक्षा उंदरांत जास्त रमतो. आणि आजवर त्याच्या दंशाने एकही माणूस मेल्याची नोंद नाही. बोर्डात पहिला आलेला, पण नोकरीसाठी घराबाहेर न पडलेला मुलगा असतो, तसला हा साप. गावात दरारा, पण उपयोग शून्य. भावोजींनी शेऱ्यात लिहिलं, "तरीही सावध असावे."

मग आत्याबाईंचा फनेल-वेब कोळी. हा मात्र खास सिडनीचा आणि आसपासच्या शंभरेक किलोमीटरचा रहिवासी. यातला नर जास्त विषारी. उन्हाळ्यात, दमट हवेत तो बिळातून निघून बायको शोधत हिंडतो आणि वाट चुकून लोकांच्या बुटात, धुण्याच्या ढिगात, पोहण्याच्या तलावात पोचतो. तलावात पडला तरी अंगावरच्या केसांत हवेचे बुडबुडे धरून कितीतरी तास जिवंत राहतो. गंमत म्हणजे त्याच्या विषाने कुत्र्या-मांजरांना फारसं काही होत नाही. माणूस आणि माकड यांना मात्र ते बाधतं. हे ऐकून ताई म्हणाली, "कुत्र्याला होत नाही आणि माणसाला होतं? देवाने हा हिशेब कुणाला विचारून केला?"

मी म्हटलं, हिशेब माणसानेही केलाय. मेलबर्नच्या कॉमनवेल्थ सिरम लॅबोरेटरीजमध्ये स्ट्रुअन सदरलंड या डॉक्टरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यावर उतारा शोधला. १९८१ साली तो वापरात आला आणि तेव्हापासून या कोळ्याच्या दंशाने कुणी दगावलेलं नाही. उतारा करायला विष लागतं, म्हणून सिडनीच्या उत्तरेला ऑस्ट्रेलियन रेप्टाइल पार्क नावाच्या प्राणिसंग्रहालयात या कोळ्यांचं चक्क दूध काढावं तसं विष काढतात. त्यासाठी लोकांनाच सांगतात, घरात सापडला तर मारू नका, बरणीत भरून आणून द्या.

एवढा वेळ धीराने ऐकणारी ताई इथे कोसळली. "बरणीत? कुठल्या बरणीत? लोणच्याच्या?"

आता आकडे काढायची वेळ आली होती. मी भावोजींना दाखवलं, ऑस्ट्रेलियात साप चावून वर्षाला सरासरी दोन-तीन माणसं मरतात. आपल्याकडे २००० ते २०१९ या वीस वर्षांसाठी संशोधकांनी काढलेला अंदाज आहे वर्षाला सुमारे ५८ हजार. दोन-तीन आणि अठ्ठावन्न हजार. मी विजयाने भावोजींकडे बघितलं. आयुष्यभर ताळेबंद तपासलेला माणूस, म्हटलं आता तरी आकड्यापुढे झुकेल. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "असतील. पण ते आपले साप आहेत."

या वाक्याला उत्तर नाही. गेले कित्येक दिवस शोधतोय. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही नावं घेतली की आपल्याला भीती वाटते, पण परकं वाटत नाही. ही घरातलीच मंडळी. नागाला तर आपण पंचमीला दूध-लाह्या दाखवतो. परळच्या हाफकिन संस्थेने या चौघांवर मिळून एकच उतारा तयार केला, म्हणजे सरकारदरबारीही त्यांचं एकत्र कुटुंब मानलेलं आहे. या सापांनी मरणारी माणसं बहुतेक शेतातली, अनवाणी, अंधारात बांधावरून जाणारी. त्यांचा व्हिडिओ निघत नाही, म्हणून त्यांची भीतीही आपल्या फोनपर्यंत पोचत नाही. बुटातून निघणाऱ्या सिडनीच्या कोळ्याचा व्हिडिओ मात्र पार्श्वसंगीतासकट पोचतो.

त्यात ताई आणि मी कोकणातले. चिऱ्याच्या गडग्यात फुरसं आणि पायतणात विंचू, ही आमच्या लहानपणीची नित्याची व्यवस्था. आजी रोज सकाळी ओरडायची, "पायतणं आपटून घाला रे!" आम्ही आपटायचो, एखादा निघायचा, आजी त्याची विल्हेवाट लावायची आणि मग आम्ही शाळेत जायचो. हा विंचूही साधा नव्हे. कोकणातला लाल विंचू जगातल्या अतिधोकादायक विंचवांत गणला जातो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्याच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध देऊन असंख्य जीव वाचवले, ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात त्यावर लिहिलं आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ऑस्ट्रेलियातले विंचू त्या मानाने अगदीच सौम्य. हे सांगितल्यावर ताई क्षणभर सुखावली. पण सुखावण्याचं कारण भाची सुरक्षित राहणार हे नव्हतं. निदान विंचवात तरी आपण पुढे आहोत, हे होतं.

आज ताई ठाण्याला घोडबंदर रस्त्यावर राहते. सोसायटीच्या मागे येऊरचं जंगल. मागच्या पावसाळ्यात एक बिबट्या भिंतीवरून उडी मारून आत आला, पार्किंगमधून संथपणे फिरला आणि तसाच निघून गेला. सगळं कॅमेऱ्यात आलं. सोसायटीच्या ग्रुपवर त्यावर जी चर्चा झाली, ती अशी: वॉचमन झोपला होता का? बिबट्याच्या मागे दिसणारी स्कूटर कुणाची आणि ती पाहुण्यांच्या जागेत का? दुसऱ्या दिवशी ताईने तो व्हिडिओ आम्हाला सगळ्यांना पाठवला. खाली लिहिलं होतं, "आमच्याकडचा." तिच्याच मजल्यावरच्या एका फ्लॅटची जाहिरात नंतर आली, त्यात ‘निसर्गरम्य परिसर’ असे शब्द होते.

आणि ही बाई सिडनीच्या कोळ्याला भिऊन जागत होती.

याच सुमारास जावईबापूंच्या होऊ घातलेल्या ऑस्ट्रेलियन सहकाऱ्याने व्हिडिओ कॉलवर त्यांना बजावलं की बाकी सगळं ठीक आहे, पण ड्रॉप बेअरपासून जपा. हा कोआलाचा मांसाहारी भाऊ. झाडावर दबा धरून बसतो आणि खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर पडतो. उपाय म्हणून कानामागे व्हेजिमाइट, म्हणजे तिकडचं ब्रेडला लावायचं चाटण, फासावं. परदेशी पाहुणे याला जास्त बळी पडतात. भावोजींनी तातडीने नवी ओळ घातली. मला शंका आली, पण त्यांनी सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमच्या संकेतस्थळावरचं पान उघडून दाखवलं. खरोखरच तिथे या प्राण्याची नोंद आहे, लॅटिन नाव आहे, ‘थायलार्क्टोस प्लमेटस’. लॅटिन नाव बघितल्यावर शंका घ्यायची नाही, ही भावोजींची जुनी शिस्त. हा प्राणी अस्तित्वातच नाही, नवख्यांची फिरकी घ्यायला तो रचलेला आहे आणि संग्रहालयही त्या थट्टेत सामील आहे, हे कळल्यावर त्यांना रागच आला. एवढं गंभीर संग्रहालय आणि चेष्टा करतं! त्यांनी ओळ काढली नाही. शेऱ्यात लिहिलं, "अस्तित्वात नाही. तरीही सावध असावे."

मॅगपाय मात्र खरा. काळा-पांढरा, देखणा, गाणारा पक्षी. तिकडच्या वसंतात, म्हणजे आपल्या श्रावण-भाद्रपदात, घरट्यात पिल्लं असली की यातले काही नर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या टाळक्यावर झेप घेतात. सायकलवाले शिरस्त्राणावर प्लास्टिकच्या पट्ट्यांचे काटे उभे करून हिंडतात. हा पक्षी माणसांचे चेहरे ओळखतो आणि एखाद्यावर राग धरला की त्यालाच गाठतो. यावर आत्याबाईंचं मत असं पडलं की हे उलट सोयीचं आहे. इथे पितृपक्षात गच्चीवर पान ठेवून तासभर काव काव करावं लागतं, तिथे ऐन पितृपक्षात पक्षी आपणहून येतो. कुणाचा राग राहिलाय, तेही लगेच कळतं.

मग कुणीतरी विचारलं, ऑस्ट्रेलियात प्राण्यांमुळे माणसं मरतात तरी कशाने? उत्तर ऐकून ग्रुपमध्ये शोककळा पसरली. मृत्यूंच्या नोंदी बघितल्या तर सगळ्यांत पुढे आहे घोडा. बसलेला माणूस पडतो, लाथ बसते. त्यानंतर गाय, कुत्रा. मधमाशीही आहे, अंगावर गांधी उठून घसा बंद होणाऱ्यांसाठी. भावोजींच्या तक्त्यात घोडा नव्हताच. त्यांनी नाइलाजाने ओळ वाढवली आणि उपायाच्या रकान्यात लिहिलं, "बसू नये." ताईला आठवलं की जावईबापू वरातीत घोड्यावरून आले होते. तिने त्याच संध्याकाळी मागल्या तारखेने त्यांची दृष्ट काढली.

धाकट्या काकांचाही विरस झाला. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर शार्कपेक्षा कितीतरी जास्त माणसं समुद्राच्या ओढीत सापडून बुडतात. जीवरक्षकांनी लावलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहावं, हा त्यावरचा साधा उपाय. उत्तरेकडच्या समुद्रात उन्हाळ्यात जीवघेणे जेलीफिश येतात, तर तिथे किनाऱ्यावर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात. आणि सगळ्यांत मोठा धोका म्हणजे ऊन. त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण जगात सर्वाधिक असणाऱ्या देशांत ऑस्ट्रेलिया आहे. पण उन्हाला भावोजींनी तक्त्यात घेतलं नाही. त्याला ना नांगी, ना दात.

इतके दिवस आम्ही सगळे ऑस्ट्रेलियाला भीत होतो. ऑस्ट्रेलिया आम्हाला भितो, हे बॅगा भरताना कळलं.

ताईने काढलेल्या यादीत तूरडाळ होती, तांदूळ, हरभरे, मूग, जिरे, धने, बडीशेप, शेंगदाणे, सुक्या मिरच्या होत्या. भाचीने ऑस्ट्रेलियन सरकारची यादी काढली. त्या यादीत नेमके हेच पदार्थ होते, प्रवाशांना सामानातून आणायला मनाई म्हणून. दोन्ही याद्या इतक्या जुळत होत्या की ताईला वाटलं, आपला कागद कुणीतरी तिकडे पाठवला. कारण होतं खप्रा. धान्याच्या कोठारातला, दोन-तीन मिलिमीटरचा तपकिरी भुंगेरा. मूळ भारताकडचा. त्याची अळी फटीत लपली की खायला न मिळताही वर्षं काढते, औषधांना सहजी दाद देत नाही आणि धान्याची रास आतून पोखरते. जगाला गहू विकणारा हा देश त्या किड्याला इतका भितो, की २०२० पासून त्याने टप्प्याटप्प्याने अशा बिया-धान्यांसाठी दारच लावून घेतलं. विमानातच एक कार्ड भरून द्यावं लागतं. अन्न आहे का, बिया आहेत का, बुटाला माती आहे का? खोटं लिहिलं तर जागच्या जागी हजारो डॉलरचा दंड. हॉलिवुडचा जॉनी डेप २०१५ साली दोन कुत्री न सांगता घेऊन गेला, तर तिथल्या कृषिमंत्र्याने कुत्री परत न्या नाहीतर मारू, असं जाहीर ठणकावलं. पुढच्या वर्षी डेप आणि त्याच्या बायकोला माफीचा व्हिडिओ काढावा लागला.

हा वेडेपणा नाही. हा देश पाहुण्यांकडून पोळलेला आहे. १८५९ साली एका हौशी जमीनदाराने शिकारीसाठी चोवीसेक ससे सोडले. सशांनी पुढे अर्धा खंड कुरतडला. १९३५ मध्ये उसातले भुंगेरे खायला हवाईहून शंभरेक बेडूक आणले. बेडकांनी भुंगेऱ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही, बाकी दिसेल ते खाल्लं, आणि आज ते कोट्यवधींच्या संख्येत उत्तरेकडे पसरले आहेत. अंगात विष असल्यामुळे त्यांना खाणारे तिथले प्राणीच मरतात. आणि १८६०च्या दशकात मेलबर्नमध्ये किडे टिपायला आणून सोडलेला आणखी एक पाहुणा आहे, त्याला पकडायला आज लोक परसात पिंजरे लावतात. हा पाहुणा म्हणजे आपली साळुंकी. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जिवांची जी यादी आंतरराष्ट्रीय निसर्ग संघटनेने केली आहे, तिच्यात फक्त तीन पक्षी आहेत. त्यातले दोन साळुंकी आणि लालबुड्या बुलबुल, म्हणजे ताईच्या ग्रिलवर रोज सकाळी येणारी गिऱ्हाइकं. भावोजींनी हे वाचून तक्ता मिटला. त्यांचा सगळा तक्ता सिडनीत काय आहे याचा होता. सिडनीच्या दृष्टीने लाल रंग आमच्याच खिडकीला द्यायला हवा होता.

भाची आणि जावईबापू डाळीशिवाय गेले. डाळ तिथे हॅरिस पार्कच्या दुकानात ठाण्यात मिळते तशीच मिळाली. पहिल्या महिन्यात पडद्यामागे हाताच्या पंजाएवढा हंट्समन कोळी निघाला. घरमालकाला फोन केला तर तो म्हणाला, काही करत नाही, राहू द्या, झुरळं खातो. जावईबापू वरातीच्या घोड्यावर न डगमगता बसले होते, पण झुरळ दिसलं की खुर्चीवर चढतात. ते खुर्चीवरून उतरले. कोळी अजून तिथेच आहे. भाडं देत नाही, एवढीच तक्रार.

यंदा ताई तिकडे जाऊन आली. जायच्या आधी तिने चपला तीनदा धुतल्या, अगदी तळव्यांच्या खोबणीत दातकोरणं घालून, की माती म्हणून पकडायला नको. तिथे पोचल्यावर आठवड्याभरात तिला शेजारीण भेटली. शेजारणीने ताईसमोर स्वयंपाकघरातला हंट्समन कोळी पेल्याखाली धरला, खाली कागद सरकवला आणि बागेत नेऊन सोडला. ताईला ती बाई एकदम आजीच्या जातीची वाटली. दुसऱ्या दिवशी बाल्कनीत साळुंकी आली. परदेशात पहिल्यांदाच कुणीतरी ओळखीचं भेटल्याच्या आनंदात ताईने तिला भाताची शितं टाकली. तेवढ्यात पलीकडून शेजारीण किंचाळली. हातवारे करकरून सांगायला लागली की याला खायला घालू नका, हा फार वाईट पक्षी आहे, दुसऱ्यांची घरटी बळकावतो.

रात्री ताईचा मला फोन.

"अरे, ही बाई हाताएवढा कोळी उचलते आणि साळुंकीला भिते!"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, घाबरू नका. आमच्याकडे ही रोज खिडकीत बसते, बिबट्या खाली पार्किंगमध्ये बसतो, आणि आम्ही मधल्या मजल्यावर चहा पितो."

"मग ती काय म्हणाली?"

"तिची मुलगी पुढच्या वर्षी नोकरीसाठी मुंबईला यायचं म्हणत होती म्हणे. आता विचार करते म्हणाली."